तर, तम आणि म्हातारा

मराठीत ‘बेटर’ला शब्द नाही, हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच वेळा ऐकले आहे. पहिल्यांदा ऐकले ते शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गात. मार्गदर्शन करायला आलेले गृहस्थ इंग्रजीचे चांगले जाणकार होते. त्यांनी फळ्यावर गुड, बेटर, बेस्ट असे तीन शब्द लिहिले. त्याखाली चांगला, अधिक चांगला, सर्वांत चांगला असे लिहिले आणि म्हणाले, “बघा, त्यांच्याकडे तीन शब्द, आपल्याकडे एकच. आपण ठिगळं लावून काम भागवतो.” वर्गात हशा पिकला. आम्ही सगळे नरखेड-काटोलकडच्या खेड्यांत शिकवणारे, मराठीतूनच शिकलेले मास्तर. हसणाऱ्यांत आमच्यापैकीच बरेच होते.

विनोद म्हणून सोडून देता आले असते. पण हे हसलेले शिक्षक दुसऱ्या दिवशी ज्या मुलांपुढे उभे राहणार होते, त्यांच्या घरच्या बोलीला आधीच ‘गावठी’ म्हटले जात होते. आता प्रमाण मराठीही तोकडीच ठरली, तर त्या पोराने मान वर करून बोलायचे कोणत्या भाषेत? आज आमच्या तालुक्यात सकाळी गावोगाव पिवळ्या बसगाड्या येतात आणि मुलांना इंग्रजी शाळांत घेऊन जातात. त्याला कारणे पुष्कळ आहेत. पण आपली भाषा अपुरी आहे ही समजूत त्यातले एक कारण आहे, आणि ती समजूत अशाच हशांतून पसरते.

मी भाषाशास्त्रज्ञ नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालो आणि शाळेत मराठी, इंग्रजी व अडल्यानडल्या वेळी गणित शिकवले. निवृत्तीनंतर मात्र सवड होती, म्हणून व्याकरणाची आणि शब्दांच्या इतिहासाची मिळतील ती पुस्तके वाचत गेलो. जे हाती लागले ते इतके मजेदार आहे की वाचकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात संस्कृतपासून करू. संस्कृतात इंग्रजीसारखीच, किंबहुना तिच्याहून भरघोस सोय होती. दोघांत तुलना असेल तर तर किंवा ईयस्, अनेकांत असेल तर तम किंवा इष्ठ. लघु, लघुतर, लघुतम. किंवा लघु, लघीयस्, लघिष्ठ. म्हणजे एकाच कामाला दोन-दोन जोड्या. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात हे चारही प्रत्यय नीट बसवून दिले आहेत. ‘गुड’चे ‘गुडर’ का होत नाही, असे पाचवीतली मुले दरवर्षी विचारत. त्याचाही जोडीदार तिथे सापडतो. प्रशस्य या शब्दाची रूपे करायची तर मूळ शब्द गायब होतो आणि श्रेयस्, श्रेष्ठ असे वेगळेच शब्द येऊन उभे राहतात. लॅटिनमध्ये बोनुस, मेलिओर, ऑप्टिमुस. फारसीत खूब, बेहतर. चांगुलपणाचे शब्द पुष्कळ भाषांत असे अनियमितच आहेत. जे शब्द तोंडात सतत असतात ते नियमांना जुमानत नाहीत, एवढेच मी मुलांना सांगत असे.

हे प्रत्यय एकट्या संस्कृतचे नाहीत. इंग्रजीतला ‘एस्ट’ आणि आपला इष्ठ हे सख्खे चुलतभाऊ आहेत. ‘एर’चे नाते तरशी वाटते, पण ते आहे ईयस्‌शी. तरचा खरा जोडीदार ग्रीक भाषेतला ‘तेरोस’. इंग्रजीत तो काही कोनाकोपऱ्यांत शिल्लक आहे. ‘व्हेदर’ या शब्दाचे स्पेलिंग चुकवून कित्येक मुलांनी मार गमावले... म्हणजे मार खाल्ला आणि मार्क गमावले. तो ‘व्हेदर’ म्हणजे संस्कृतातला कतर, दोघांपैकी कोण.

मग मराठीपर्यंत येता येता हे गेले कुठे? एक कारण उच्चाराचे आहे. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेली त, क, ग अशी व्यंजने गळून पडत. नगरचे नअर आणि पुढे गावांच्या नावात नेर झाले, संगमनेरसारखे. ज्या भाषेत त टिकत नाही तिथे तर आणि तम कसे टिकावेत? त्यांचे अर आणि अम होऊन ते शब्दाच्या शेपटीत विरघळले. दुसरे कारण असे की त्यांची गरजही उरली नव्हती. संस्कृतात ज्याच्याशी तुलना करायची त्याला पंचमी लागत असेच. ती पंचमी एकटीच तुलनेचा अर्थ पुरेसा सांगत होती. एकाच ओझ्याला दोन हमाल होते, त्यातला एक घरी गेला.

इथे लॅटिनकडे पाहिले की मन शांत होते. लॅटिनमध्येही तुलनेचे प्रत्यय होते. तिच्या लेकींनी, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन यांनी ते बहुतेक टाकून दिले. फ्रेंच माणूस ‘प्ल्यु’ म्हणजे ‘अधिक’ हा शब्द विशेषणापुढे ठेवतो आणि पुढे चालू लागतो. ‘मेय्यर’सारखी दोन-चार जुनी रूपे तेवढी राहिली आहेत. म्हणजे जे मराठीने केले तेच फ्रेंचने केले. फ्रेंच भाषा ठिगळांची आहे असे म्हणण्याची त्या मार्गदर्शक गृहस्थांची छाती झाली असती का?

आता मराठीने काय केले ते पाहू. शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ करताना पंचमीला आपण ‘ऊन, हून’ म्हणतो. ‘नरखेडहून काटोलला गेलो’ यात तो हून आहे. आणि ‘नरखेडहून काटोल मोठं’ यातही तोच हून आहे. प्रवासाचा आणि तुलनेचा प्रत्यय एकच. यात मोठा अर्थ भरला आहे. तुलना करायची म्हणजे एका ठिकाणी खुंटी ठोकायची आणि तिथून दुसरी वस्तू किती पुढे गेली ते मोजायचे. पांढुर्णा इथून जवळ आहे, तिकडे हिंदी-मराठी सरमिसळ चालते. हिंदीचा ‘से’ हेच करतो. फारसीचा ‘अज’, अरबीचा ‘मिन’, तुर्कीचा ‘दन’ हे सारे ‘पासून’ या अर्थाचे शब्द आहेत आणि ते तुलनेलाही वापरतात.

पेक्षाची कथा निराळी. पेक्षा म्हणजे अपेक्षा, पहिला अ झिजून गेलेला. मुळात ईक्ष्, पाहणे. ‘त्याच्यापेक्षा हा मोठा’ म्हणजे ‘त्याच्याकडे पाहिले असता हा मोठा’. बंगालीत याच जागी ‘चेये’ म्हणतात, तोही ‘पाहून’ या अर्थाचाच शब्द. दोन भाषा, दोन वेगळे धातू, पण कल्पना तीच. गुजराती माणूस ‘करतां’ म्हणतो, तेलुगू ‘कंटे’ म्हणतो. आपल्या जुन्या मराठीत आणि खेड्यांच्या बोलीत आणखी एक शब्द आहे, परीस. ‘त्याच्यापरीस हा बरा.’ गोव्याच्या कोंकणीत तो ‘परस’ म्हणून रोजच्या वापरात आहे. आमच्याकडे माझ्या आजीच्या तोंडी परीस असे. पुढच्या पिढ्यांत तो कमी ऐकू येऊ लागला, कारण शाळेत आम्ही पेक्षा शिकवला.

इंग्रजीचा ‘दॅन’ तरी काय आहे? तो मुळात ‘देन’च आहे, म्हणजे ‘मग’. ‘हा मोठा, मग तो’ अशी ती मांडणी. दोघांचे स्पेलिंग वेगळे ठरले ते नंतर.

लिऑन स्टॅसेन नावाच्या डच अभ्यासकाने १९८५ साली ११० भाषांमधल्या तुलनेच्या रचना गोळा करून एक पुस्तक लिहिले. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विशेषणाचे रूप बदलून तुलना करणे ही जगाची रीत नाही. ती मुख्यतः युरोपाकडची सवय आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा भाषेत ‘हा उंचीत त्याला ओलांडतो’ असे क्रियापद वापरतात. स्वाहिलीत ‘हरवतो’ या अर्थाचे क्रियापद चालते. ब्राझीलच्या जंगलातल्या हिश्कार्याना भाषेत ‘हा मोठा, तो मोठा नाही’ अशी दोन वाक्ये शेजारी ठेवली की काम झाले. हे वाचताना मला ज्ञानेश्वर आठवले. १२९० च्या सुमारास त्यांना आपल्या मराठीची गोडी सांगायची होती, तेव्हा त्यांनी मधुरतर आणि मधुरतम यांचा आधार घेतला नाही. मराठीला अमृताशी पैज लावायला पाठवले आणि ती पैज तिला जिंकायला लावली. ही तर हौसाची आणि स्वाहिलीची रीत झाली! कडी करणे, मात करणे, वरचढ ठरणे, सरस ठरणे ही सगळी आपली तुलनेचीच क्रियापदे आहेत. व्याकरणाच्या पुस्तकात तुलनेच्या धड्यात ती येत नाहीत, एवढेच.

व्याकरणाच्या पुस्तकांबद्दल थोडे बोलायला हवे. विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठीचे व्याकरण लिहिले, ते १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. मोरो केशव दामल्यांचे मोठे शास्त्रीय व्याकरण १९११ चे. या माणसांचे उपकार फेडता येणार नाहीत. पण १९ व्या शतकात मराठी व्याकरण लिहायला बसलेल्या माणसापुढे एका बाजूला संस्कृतचा साचा होता आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीचा. दोन्ही साच्यांत विशेषणाच्या तीन पायऱ्यांचे खण होते. खण आहे म्हटल्यावर तो भरला पाहिजे. मराठी विशेषणाचे रूप बदलत नाही, म्हणून ‘अधिक’ आणि ‘सर्वांत’ हे शब्द आणून ते खण भरले गेले. आणि पुढे तोच भरलेला खण दाखवून आम्हाला सांगण्यात आले की बघा, तुमच्याकडे ठिगळे आहेत.

ग्रीअर्सन साहेबांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीवर आहे. तो १९०५ साली निघाला आणि स्टेन कोनो यांनी तयार केला. त्यात आमच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीचेही नमुने आहेत. या सर्वेक्षणासाठी सगळ्या देशभर एकच शब्दयादी वापरली गेली. त्या यादीत गुड, बेटर, बेस्ट आणि मग हाय, हायर, हायेस्ट असे शब्द ओळीने होते. माझ्या डोळ्यांपुढे नेहमी एक चित्र येते. एखादा कारकून ही यादी घेऊन गावच्या पाटलाकडे जातो आणि विचारतो, “चांगला याला काय म्हणता?” पाटील सांगतो. “बरं, त्याहून चांगला?” पाटील साहजिकच विचारणार, “कोणाहून?” त्या यादीत ‘कोणाहून’ला जागा नव्हती. याच यादीत पुढे भाऊ आणि बहीण यांच्या उंचीची तुलना करणारे एक पूर्ण वाक्य होते. ते विचारल्यावर मात्र कोणताही मराठी माणूस एका क्षणात उत्तर देईल, कारण तिथे भाऊही आहे आणि बहीणही आहे.

मला वाटते खरा मुद्दा इथे आहे. इंग्रजीने तुलनेचा भार विशेषणावर ठेवला. मराठीने तो ज्याच्याशी तुलना करायची त्या माणसावर किंवा वस्तूवर ठेवला. ‘पेक्षा’ लावायचा तर आधी नाव घ्यावेच लागते. इंग्रजीत ‘बेटर’ एकटा फिरू शकतो. साबणाच्या पुडीवर, निवडणुकीच्या फलकावर तो एकटाच उभा असतो, आणि कोणापेक्षा बेटर हे कोणी विचारीत नाही. मराठीत नुसते ‘अधिक चांगला’ लिहिले तर वाक्य अर्धवट लटकते. आमच्याकडे हंगामात चहाच्या टपरीवर संत्र्याचा वाद हमखास रंगतो. ‘आंबियापेक्षा मृगाचं संत्रं गोड’ असे एकाने म्हटले की दुसरा लगेच आंबियाची बाजू घेऊन उठतो, कारण आंबियाचे नाव घेतलेले असते. नाव घेऊन तुलना केली की ती खोडून काढायलाही जागा राहते.

‘सर्वांत’ हाही मला थोडा कागदी शब्द वाटतो. बोलताना आपण काय म्हणतो? मोठ्यात मोठा, लहानात लहान, वाईटात वाईट. संत्र्याच्या ढिगाशी बसलेला माणूस ‘मोठ्यात मोठा माल बाजूला काढ’ असे सांगतो. आधी सगळे मोठे एका जागी करायचे आणि मग त्यांतून मोठा निवडायचा. इंग्रजीच्या ‘बिगेस्ट’मध्ये ही दोनदा चाळण लावण्याची सोय नाही. ढिगातले सगळे फळ लहान असेल तर त्यातलेही एक ‘बिगेस्ट’ ठरतेच. ‘मोठ्यात मोठा’ म्हणवून घ्यायला मात्र आधी मोठे असावे लागते.

आणि तुलना नको, नुसता अतिशयपणा सांगायचा असेल तर मराठीने जो थाट मांडला आहे त्याला तोड नाही. लालभडक, हिरवागार, पिवळाधमक, काळाकुट्ट, पांढराशुभ्र. थंडगार, गोडमिट्ट, कडूजहर, खारटढाण. प्रत्येकाला वेगळी शेपटी. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘व्हेरी’ लावून मोकळे होता येते. मराठीत हिरव्याला भडक लावले की पाच वर्षांचे पोरही हसते. शिवाय नुसते अक्षर दाबून मोठाचे ‘मोठ्ठा’ करण्याची युक्ती आहेच. परकी माणसे मराठी शिकताना या शेपट्यांनी हैराण होत असतील. भाषा गरीब असल्याची तक्रार ती करतील असे वाटत नाही.

थोरला, धाकला, मधला, पुढला, मागला यांतला ‘ला’ही तुलनेच्याच घरचा. थोर म्हणजे मोठा माणूस, कोणीही. पण थोरला म्हटले की दुसरा कोणी धाकटा आहे हे ठरलेच. म्हणून इतिहासात थोरले बाजीराव, थोरले माधवराव. आमच्या नागपूरच्या भोसल्यांत थोरले रघुजी. आमच्याकडच्या बोलीत ‘लहाना’ हे काम करतो. लहान पोरगा कोणाचाही असू शकतो, लहाना पोरगा म्हणजे त्या घरातला धाकटा. चुलतीला मोठी माय म्हणतात तिथेही हीच तुलना चालू आहे, बाप आणि चुलता यांच्या वयाची. नवऱ्याचा मोठा भाऊ आमच्याकडे भासरा, हिंदी मुलखात तोच जेठ, म्हणजे ज्येष्ठ.

ज्येष्ठवरून सरकारी मराठीकडे वळतो. इंग्रजी अमदानीतल्या ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ या शब्दांना आपण वरिष्ठ आणि कनिष्ठ केले. सीनियर आणि ज्युनियर ही लॅटिनमधली तरवाली रूपे आहेत, ‘दोघांत वयाने मोठा’, ‘दोघांत लहान’. आपण लावले ते इष्ठवाले. त्यामुळे शब्दशः पाहिले तर तहसील कार्यालयातला कनिष्ठ लिपिक हा जगातला सर्वांत लहान कारकून ठरतो, आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या खाली दुसरे महाविद्यालयच असू शकत नाही. ज्येष्ठ नागरिक म्हणजे सर्वांत वडील नागरिक. तो देशात एकच असायला हवा. पण आमच्या एसटीत प्रत्येक बाकावर दोन बसलेले असतात. मग ज्यांचे वय ७५ झाले त्यांना वेगळे काढायचे ठरले. ऑगस्ट २०२२ पासून एसटीने त्यांचा प्रवास मोफत केला. ज्येष्ठच्या वरची पायरी शब्दांत शिल्लक नव्हती, म्हणून त्यांना ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ म्हणावे लागले. मी अजून अर्ध्या तिकिटाचाच ज्येष्ठ आहे.

यात हसण्यासारखे काही नाही. टोकाचे शब्द नेहमी असेच झिजतात. श्रेष्ठ म्हणजे सर्वांत चांगला, तरी श्रेष्ठतम हे रूप वैदिक वाङ्मयातच आढळते. उत्तम हा उद् या उपसर्गाला तम लागून झालेला, म्हणजे ‘सर्वांत वरचा’. आज परीक्षेत उत्तम शेरा मिळालेल्या मुलाची आई विचारते, “अतिउत्तम का नाही?” त्याच उद्‌ला तर लागला की उत्तर. वरची दिशा ती उत्तर, आणि मागाहून येणारे तेही उत्तर. मुले रोज वहीत ‘उत्तर’ लिहितात आणि त्यांना पत्ताही नसतो की आपण तरभाव लिहितो आहोत. गणिताच्या तासाला मसावि आणि लसावि. महत् अधिक तम महत्तम, त्यात दोन त येतात. लघु अधिक तम लघुतम, त्यात एकच. पण मुले महत्तमच्या तालावर सर्रास ‘लघुत्तम’ म्हणतात, आणि शिक्षकही म्हणतात. हे असेच चालले तर शंभर वर्षांनी कोशांत तोच शब्द मिळेल.

या दोन प्रत्ययांची जोडी जुळवून आपण एक सुंदर शब्द केला आहे, तारतम्य. तर आणि तम यांचा भाव. अमुक माणसाला तारतम्य नाही, असे आपण म्हणतो. इतर भाषांत व्याकरणाच्या दोन प्रत्ययांवरून शहाणपणाचे नाव पडल्याचे मला तरी आढळले नाही.

तर फारसीतूनही परत आला. फारसी आणि संस्कृत या बहिणी, म्हणून दोघींचा तर एकच. ‘मेलो तरी बेहत्तर’ असे आपण आवेशाने म्हणतो, त्यातला बेहत्तर म्हणजे अक्षरशः ‘बेटर’. मेलो तरी ते अधिक चांगले. माझ्या नातीने नागपुरातल्या तिच्या शाळेतून आल्यावर एकदा विचारले होते, “आबाजी, बेटरला मराठीत एक शब्द सांगा.” मी बेहत्तर सांगितला. तिला तो शब्द लढाईच्या सिनेमातला वाटला. बेहत्तरमधला ‘बेह’ हा मुळातच ‘अधिक चांगला’ या अर्थाचा, त्याला वर आणखी तर. त्याच कुळातला ‘सर्वांत चांगला’ हा अर्थ असलेला शब्द इराणात स्वर्गाचे नाव झाला, बेहिश्त. आणि तोच शब्द आपल्याकडे एका ऋषीचे नाव आहे, वसिष्ठ. कमतरता हा शब्द तर बघण्यासारखा आहे. फारसीचा कम, फारसीचाच तर, आणि शेवटी संस्कृतचा ता. आपण ‘पाण्याची कमतरता’ म्हणतो तेव्हा दोन भाषा एकाच घागरीला हात लावतात. अरबीतून आलेली मंडळी वेगळ्या पद्धतीची. तिथे प्रत्यय नसतो, शब्दाच्या आतली घडीच बदलते. कबीर म्हणजे मोठा, आणि त्याचेच ‘अधिक मोठा, सर्वांत मोठा’ हे रूप अकबर. फाजिलवरून अफजल तसाच. कबीर आणि अकबर ही नावे लहानपणापासून ऐकत आलो, ते एकाच शब्दाचे दोन भाव आहेत हे कळायला साठी उलटावी लागली.

राहता राहिला शीर्षकातला म्हातारा. संस्कृतात महत्तर म्हणजे अधिक मोठा. पुढे गावातल्या वडीलधाऱ्या, प्रतिष्ठित माणसांना महत्तर म्हणू लागले. पाचव्या शतकातल्या गुप्तकालीन दामोदरपूर ताम्रपटांत गावचा कारभार पाहणारे असे महत्तर आहेत. त्यातला त्त जोडाक्षर असल्याने प्राकृतात गळाला नाही, टिकला. आणि झिजत झिजत त्या महत्तराचा मराठीत म्हातारा झाला. शेठही असाच, श्रेष्ठीपासून आलेला. स्पेनमध्ये ‘सेन्योर’ म्हणजे मुळात ‘वयाने मोठा’, तो आता नुसता ‘श्रीयुत’ झाला. आपल्याकडे मोठेपणा पैशाकडे गेला तो शेठ झाला आणि वयाकडे गेला तो म्हातारा झाला. (ज्येष्ठमधातला ज्येष्ठ मात्र या घराण्यातला नाही. तो यष्टिमधु, गोड काठी. वेश पालटून आत शिरला आहे.) म्हणजे मराठीने तर टाकून दिला हे पूर्ण खरे नाही. गावच्या पारावर तो रोज संध्याकाळी येऊन बसतो.

आणखी एक आहे. लॅटिनमध्ये ‘मागिस’ म्हणजे अधिक. त्याला तरचा तिकडचा भाऊ ‘तेर’ लागून ‘मागिस्तेर’ झाला, दुसऱ्यापेक्षा अधिक जाणणारा. त्याचा इंग्रजीत मास्टर झाला आणि आमच्या खेड्यापाड्यांत मास्तर. ‘मिनुस’ म्हणजे उणा. त्याला तोच तेर लागून ‘मिनिस्तेर’ झाला, म्हणजे हाताखालचा सेवक. त्याचा मिनिस्टर. मास्तरांच्या बदल्या मिनिस्टरच्या कचेरीतून होत त्या काळात मला हे माहीत नव्हते. माहीत असते तरी अर्जात लिहिले नसते.